बारदानासकट

आक्काचा मुलगा वाईट नव्हता. हे एवढं वाक्य मी वरकुट्यात चार माणसांसमोर बोलायला हवं होतं, आणि ती वेळ जाऊन आता वीस वर्षांच्या वर झाली. तेव्हाची माणसं बरीचशी गेली. त्यांच्या मुलांनी मात्र आपल्या बापांकडून ऐकून ठेवलं आहे की आईनं हातानं शिवलेली वाकळ परदेशात पोराला पोचली, ती त्यानं पांघरली आणि आईला दोन ओळी लिहिल्या नाहीत. वरकुट्यात अजूनही कुणाचा मुलगा घराला विसरला की त्याचं उदाहरण देतात.

वाकळ पोचली नव्हती. ती माझ्याकडे होती. आक्का माझी सख्खी थोरली बहीण.

मी बारामतीच्या मार्केट यार्डात तोलार होतो. तोलार म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर घेऊन वजन पुकारणारा माणूस. ज्वारी, कांदा, गूळ, तीस वर्षं हेच केलं. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, हे मला एका म्हाताऱ्या तोलारानं शिकवलं. त्यानंच दुसरी गोष्ट शिकवली ती बारदानाची. पोत्यासकट जे वजन भरतं त्यातून रिकाम्या पोत्याचं वजन, म्हणजे बारदान, वजा करायचं. मोल मालाचं, गोणपाटाचं नाही. हे वजा करणं इतकं अंगात मुरलं होतं की घरी तेलाचा डबा उचलला तरी मी मनात आधी पत्रा वजा करत असे.

आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी लहान होतो. पुढं मोठा झालो आणि माझ्या हातात काटा आला, तेव्हा काही शेतकरी मी तोललेला माल पलीकडच्या काट्यावर नेऊन पुन्हा तोलून घ्यायचे. तोंडानं कोणी काही म्हणत नसे. मुकाट्यानं पोतं उचलायचे आणि न्यायचे. दोन्ही वजनं जुळायची. वर्ष-दीड वर्ष हे चाललं, मग थांबलं, आणि नंतर उलटं सुरू झालं. दुसरीकडं तोललेला माल खात्रीसाठी माझ्याकडं यायला लागला. 'तात्याचा काटा' असा शब्दच यार्डात पडला. मोठेपणासाठी हे लिहीत नाही. पुढं जे माझ्या हातून झालं त्यात या शब्दाचाही हात आहे.

आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई शेतावर जायची तेव्हा मला कडेवर घेऊन फिरायची ती आक्काच. इंदापूर तालुक्यात वरकुट्याला तिला दिली. नवरा लवकर गेला. पाटाच्या पाण्यावर ती भेंडी-गवार काढायची, इंदापूरच्या बाजारात स्वतः विकायची, आणि त्यावर तिनं एकुलत्या एका मुलाला शिकवलं. तो थंड हवेच्या यंत्रांचं काम शिकला आणि आखातातल्या एका शहरात नोकरीला लागला.

भावाची मुलगी सून करायची ही आमच्याकडची जुनी रीत. माझी मुलगी आक्काच्या घरी जाणार हे ती पाळण्यात असल्यापासून सगळ्यांनी धरलेलं होतं. मुलांना कोणी विचारलं नव्हतं. मुलगी पुण्यात नर्सिंग शिकत होती तेव्हा भाच्याचं पत्र आलं, की त्यानं तिकडंच, बरोबर काम करणाऱ्या केरळच्या मुलीशी लग्न केलं आहे. आक्काला वाचता येत नव्हतं. तिची सगळी पत्रं ती घेऊन बारामतीला यायची आणि मी वाचून दाखवायचो. हेही मीच वाचलं.

ऐकून तिनं माझ्या हातातून पत्र घेतलं आणि त्याची घडी घातली. मग म्हणाली, "लिही त्याला. माझ्या दारात पाऊल टाकू नगंस म्हणावं."

मी लिहिलं. एक शब्दही मऊ केला नाही. करता आला असता.

माझी मुलगी हे ऐकून हसत सुटली. "सुटले बाई! तात्या, त्यो माझा दादा हाय. नवरा कसला?" माझ्या बायकोलाही बरंच वाटलं असावं. डाग लागला तो आक्काला आणि मला. आक्का बोलून मोकळी झाली. मी बोललो नाही. माझ्या मुलीला नाकारलं, ही गोष्ट मी पोटात ठेवली आणि ती तिथं राहिली.

चार वर्षं मायलेकांत कागद गेला नाही की आला नाही. मग ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास माझ्या मुलीला त्याच शहरातल्या एका इस्पितळात नर्सची नोकरी लागली. ही बातमी वरकुट्याला पोचली आणि तिसऱ्या दिवशी आक्का एसटीनं आमच्या दारात हजर. डोक्यावर गाठोडं.

"बापू, ह्ये त्याला द्यायचं," ती म्हणाली. मला ती बापूच म्हणायची.

गाठोड्यात वाकळ होती. आक्काची जुनी लुगडी, मेव्हण्यांचं धोतर, आणि बरोबर मधे एक खाकी चौकोन. तो भाच्याच्या शाळेच्या चड्डीचा. टाके इतके जवळ की कापडापेक्षा दोराच जास्त. वाकळेच्या गुंडाळीत कुरडयांची पिशवी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा.

माझी मुलगी म्हणाली, "आत्या, तिकडं उन्हानं अंडी उकडत्यात म्हनं. वाकळ कशाला?"

"अगं, त्योच न्हाय का घर गार करायची मिशनी बशिवतो? मग त्याला थंडी वाजत नसंल व्हय?" आक्का म्हणाली. सगळे हसलो. मग तिनं मला बाजूला नेऊन माझा दंड धरला. "बापू, त्याला म्हणावं दार उघडं हाय. दोघंबी या. त्याचं पत्तर आलं की म्या समजंन त्यो यायचा हाय. न्हाय आलं तर तसं समजंन."

म्हणजे तिनं सगळं त्या वाकळेवर टाकलं होतं. मला ते त्याच वेळी कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

विमानात वीस किलोच सामान नेता येतं, असं कागदावर होतं. मुलीची मोठी बॅग भरून झाल्यावर मी ती सायकलवर घालून यार्डात नेली. दुपारची वेळ, लिलाव उरकलेले. बॅग काट्यावर ठेवली तसे हमाल गोळा झाले.

"तात्या, कांद्याची ही कंची जात म्हनायची?"

"चाकाची हाय. निर्यातीचा माल हाय ह्यो."

"मग पुकारा की! असं मुक्यानं तोलत्यात व्हय?"

मी पुकारलं. "लाभ! साडेचोवीस!" बॅग रिकामी असताना आदल्या दिवशीच तोलून ठेवली होती, साडेचार भरली होती. "बारदान साडेचार वजा. वीस!" हमालांनी टाळ्या वाजवल्या. चहावाला कप गोळा करत उभा होता. तो म्हणाला, "पण तात्या, विमानवालं बारदान वजा करत्यात का?"

मी त्याच्याकडं बघितलंही नाही. "वजन मालाचं असतंय. जगात कुठंबी जा."

एकजण म्हणाला, "तात्याच्या काट्याची चिठ्ठी द्या पोरीला, तितं कोन अडवतंय बघू." आणि मी खरोखरच पावतीच्या पुस्तकातला कागद फाडून त्यावर वजन लिहिलं आणि खिशात ठेवलं.

दुपारचं विमान होतं. आदल्या दिवशी निघून आम्ही बापलेक मुंबईत एका नातेवाइकाकडे राहिलो आणि सकाळीच सहारच्या विमानतळावर पोचलो. पोचवायला आलेल्यांना आत जायचं तर वेगळं तिकीट होतं, ते मी काढलं. मुलगी नको म्हणत होती. मीच म्हणालो, वजन होईपर्यंत थांबतो.

आत शिरलो आणि पहिल्यांदा मला यार्डच आठवलं. तसेच ढीग, तसाच गलका. नायलॉनच्या दोरीनं बांधलेली खोकी, त्यांवर मोठ्या अक्षरांत नावं. रांग म्हणायची, पण दोन खिडक्यांपुढं पाच रांगा लागलेल्या आणि कोणती कुठं मिळते ते कुणालाच ठाऊक नाही. गळ्यात टाय बांधलेला एक माणूस लोकांना हातानं मागं सारत फिरत होता. तो आला की रांग सरळ व्हायची, वळला की पुन्हा फुगायची. जागोजागी लोक फरशीवर बॅगा उघडून बसले होते. एकानं वजन कमी करायला अंगात तीन सदरे चढवले होते आणि तो घामानं निथळत होता. एक बाई रांगेतल्या परक्या माणसाला हात जोडून विचारत होती, तुमची बॅग हलकी दिसते, एवढी लोणच्याची बरणी घ्याल का? त्यानं घेतली. मला त्याचं फार नवल वाटलं. ते दोघं एकमेकांची नावंही विचारत नव्हते.

दोन तास आम्ही इंच इंच सरकत होतो. एकदा मुलीनं माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

आमची पाळी आली. मी स्वतः बॅग उचलून काट्यावर ठेवली. तिथं कोणी वजन पुकारत नाही. काचेमागं लाल आकडे पेटले. चोवीस पूर्णांक पाच.

माझा काटा चुकला नव्हता, अर्ध्या किलोनंही नाही.

"साडेचार जास्त आहे, काका," खिडकीतली मुलगी म्हणाली. ती मराठी होती.

"ते बारदान. बॅगेचं वजन साडेचार हाय. माल वीसच हाय." मी खिशातली चिठ्ठी काढून तिच्यापुढं ठेवली.

तिनं ती वाचली. हसली नाही, हे तिचे उपकार. "काका, बॅगेसकट वीस लागतं. किलोमागे पैसे भरा, नाहीतर काही काढा. बाजूला घ्या प्लीज, मागे गर्दी आहे."

किलोमागे जे पैसे ती म्हणाली तेवढे माझ्याजवळ नव्हते. मागून धक्के येत होते. "भाईसाब, निकालो ना, निकालो," असं कोणीतरी म्हणत होतं. टायवाला माणूस आला आणि आमची बॅग त्यानंच उचलून बाजूला ठेवली. मी फरशीवर गुडघे टेकले आणि सगळ्यांच्या देखत कुलूप उघडलं.

आत काय होतं ते अजून डोळ्यांपुढं आहे. मुलीचे कपडे, नर्सिंगची जाड पुस्तकं, बायकोनं दिलेला प्रेशर कुकर, मसाल्याच्या पुड्या, आणि एका बाजूला आक्काचं गाठोडं.

मुलगी खाली वाकून म्हणाली, "तात्या, कुकर काढा. आन् ही दोन पुस्तकं. ती मला पाठ हायेत. भागतंय तेवढ्यात."

भागलं असतं. कुकर अडीच किलो होता आणि ती दोन पुस्तकं दोन. इतकी वर्षं तोलणाऱ्याला हातात न घेताही ते कळतं.

मी गाठोड्याला हात घातला.

"तात्या, ते नगं. आत्यानं..." तिनं त्याचं एक टोक धरलं.

"मी पाठवतो की मागनं. आठ दिवसांत. तू हितं वेळ घालवू नगंस."

तिनं टोक सोडलं. बाप म्हणतो म्हणून सोडलं. आम्ही बॅग पुन्हा काट्यावर ठेवली आणि लाल आकडे वीसवर थांबले. खिडकीतल्या मुलीनं मान हलवली. बॅग पट्ट्यावरून आत गेली.

मी तेच का काढलं, हे मी स्वतःला कित्येक वर्षं वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत आलो. एकाच हिसक्यात वजन बसलं म्हणून. पोरीला तिकडं कुकर लागेल म्हणून. गर्दी होती म्हणून. ही कारणं खोटी नाहीत, पण बारदान आहेत. ती वजा केली की उरतं ते असं: गाठोड्यावर हात पडला त्या क्षणी माझ्या मनात आलं, की ज्यानं माझी पोर नाकारली त्याचं ओझं माझ्या पोरीनं का वाहावं. जेमतेम एक क्षण. पण आलं.

मुलगी पुढच्या दारातून आत गेली. तिथून पुढं मला मनाई होती. तिच्या हातात कागद होते, ते सांभाळण्याच्या नादात तिनं मागं वळून बघितलं नाही. मी गाठोडं काखेत घेऊन ती दिसेनाशी झाल्यावरही उभा राहिलो. मग टायवाल्यानं मलाही हातानं मागं सारलं.

परतीच्या एसटीत गाठोडं मांडीवर होतं. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "काय पावणं, अंथरूण घिऊन फिरताय? गाडीत झोपायचा बेत हाय व्हय?" शेजारचे हसले, मीही हसलो. चटणीचा वास सगळ्या गाडीत येत होता.

बारामतीला उतरलो आणि घरी न जाता यार्डात गेलो. काट्याच्या खोलीत जुनी वजनं आणि पावतीपुस्तकं ठेवायची एक पत्र्याची पेटी होती, किल्ली माझ्याकडे. तिच्यात गाठोडं ठेवून कुलूप लावलं. बाहेर आलो तर हमाल समोर.

"काय तात्या, बसलं का वजनात?"

त्या वेळी मी म्हणू शकलो असतो की नाही बसलं, माझं चुकलं, तिकडं बारदान वजा करत नाहीत. दोन दिवस चेष्टा झाली असती आणि संपली असती. पण मला ते जुने दिवस आठवले, माझ्यासमोरून पोतं उचलून पलीकडच्या काट्यावर नेणारे. मी म्हणालो, "बसलं. तोळाभर हिकडं न्हाय का तिकडं."

एकदा तिथं हे बोलल्यावर घरी दुसरं बोलता येईना. चार दिवसांनी आक्का आली. दारातूनच तिनं विचारलं, "पोचलं का रं?"

"पोचलं," मी म्हणालो.

चटणी खराब होऊ लागेल म्हणून मी डबा काढून हमालांच्या जेवणात वाढला. भाकरीबरोबर त्यांनी ती चाटूनपुसून खाल्ली. "तात्या, कुनी केली? झ्याक झालीया." मी सांगितलं, आक्कानं. त्या दिवशी तेवढंच खरं बोललो.

दीड महिन्यानं मुलीचं पत्र आलं. त्यात तिनं लिहिलं होतं: 'दादाला शोधून काढलं. वहिनी चांगली आहे. आत्याची वाकळ वजनामुळे मागे राहिली, तात्या पाठवणार आहेत, असं त्याला सांगितलं. जाताना त्यानं स्वतःच्या हातानं पत्ता लिहून दिला, तो सोबत पाठवते. आत्याला सांगा, दादा वाट बघतोय.'

पत्र आलं त्या आठवड्यात आक्का आलीच. चुलीपुढं पाटावर बसली आणि म्हणाली, "वाच."

मी वाचलं. इस्पितळ कसं आहे, खोलीत किती मुली आहेत, पाणी कसं विकत घ्यावं लागतं. दादा हा शब्द आला तिथून मी उडी मारली आणि शेवटच्या नमस्कारावर उतरलो.

"त्याचं काय न्हाय?"

"अजून गाठ पडली न्हाय वाटतं."

"मग वाकळ?"

"दिली असंल कुणाच्या हाती."

ती कागदावर वाकली. मग म्हणाली, "माझं नाव कुठं लिवलंय? आत्या म्हनून लिवलं असंल की."

मी तिचं बोट धरून एका ओळीवर ठेवलं. "हितं. आत्या." कागदावर आत्या हा शब्द दोनदाच होता आणि दोन्ही मी गाळलेल्या ओळींत. तिनं त्या शब्दावरून बोट फिरवलं, पुढंही फिरवलं, शेवटपर्यंत. दादा वाट बघतोय, या अक्षरांवरून तिचं बोट गेलं आणि तिला काही कळलं नाही.

वाकळ टपालानं पाठवता आली असती. पत्ता माझ्याकडे होता. पण पाठवली की त्याचं उत्तर येणार, त्यात वाकळ उशिरा मिळाल्याचं असणार, ते कधीतरी आक्काला कळणार. मी आज पाठवतो, उद्या पाठवतो, करत राहिलो. मुलगी पत्रातून विचारायची, मी 'पाठवतो' लिहायचो. पुढं भाच्यानं नोकरी बदलली, तो दुसऱ्या शहरात गेला, आणि तिनं विचारणं सोडलं.

आक्कानंही. वर्षभर ती दर पत्राला यायची. मग म्हणाली, "बापू, त्यानं घेतली आन् गप बसला. म्हंजी न्हाय म्हनला. त्याचंबी बरोबर हाय, म्याच दार लावलं हुतं." गावात कोणी विचारलं तर ती सांगायची की वाकळ पोचली, भावानं स्वतः बॅगेत घातली. तिनं त्याला कधी नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं ते गावानं. दोन पावसाळे गेले आणि मुलगी पहिल्या रजेवर घरी यायच्या आधीच आक्का तापाचं निमित्त होऊन गेली.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या दिवसकार्याच्या, दिवशी भाचा आला. बायकोला घेऊन आला होता. ती डोक्यावर पदर घेऊन आक्काच्या भिंतीशी बसली होती आणि तिला भाषेचा एक शब्द कळत नव्हता. वंदना झाली, जेवणं झाली. मांडवात बसलेल्या एका म्हाताऱ्यानं भाच्याला तोंडावर विचारलं, "आईची वाकळ पांघरून झोपलास, आन् दोन वळी लिव्हायला तुझं हात झडलं व्हतं व्हय रं?"

भाचा म्हणाला, "आबा, मला वाकळ मिळालीच न्हाय."

"आता न्हाय म्हनतोय! मेल्या आईला खोटं पाडतोय!"

तो माझ्याकडं वळला. त्याला माझ्या मुलीनं सांगितलं होतं की वाकळ मामाकडं आहे. ती आली नाही तेव्हा आईनंच मन बदलून परत मागवली असेल, असं त्यानं धरलं असणार. आता गाव सांगत होतं की आईनं दिली आणि ती पोचली असंच ती मरेपर्यंत मानत होती. हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर माझ्यासमोर जुळत गेलं.

"मामा?" तो म्हणाला. एवढंच.

"तात्या, तुमी सांगा. तुमच्या हातनं गेली न्हवं?" म्हातारा म्हणाला.

सगळा मांडव माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "आज त्यो इषय नगं. झालं गेलं."

भाच्यानं मान खाली घातली. घरात जाऊन त्यानं आईचा कुंकवाचा रिकामा करंडा खिशात घातला, बायकोला उठवलं आणि तिन्हीसांजेच्या आत दोघं इंदापूरच्या गाडीनं गेले. माझ्या पाया पडायला आला नाही. बरं केलं.

नव्वदीचं दशक संपता संपता माझी बायकोही गेली. तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. घरात बोलायला कोणी उरलं नाही तेव्हा मला एक विचित्र गोष्ट समजली, की लपवायलाही आता कोणी उरलं नाही. मी पेटीतून वाकळ घरी आणली. उन्हात घातली. एका कडेला उंदरानं कुरतडलं होतं, खाकी चौकोन शाबूत होता. मुलीकडून नवा पत्ता मागवला. वाकळेच्या घडीत तिचं ते जुनं पत्र ठेवलं, गाळलेल्या ओळींखाली रेघा मारल्या, आणि एका कागदावर वाकळ कुठं होती, का होती, ते लिहिलं. वर पांढरं कापड शिवून टपाल कचेरीत गेलो.

कारकुनानं पार्सल काट्यावर टाकलं. "काय हाय आजोबा, आत?"

"वाकळ."

"आखातात? उन्हाळ्याच्या देशात वाकळ?" तो हसला. "वरचं कापडबी वजनात धरतो आमी, बरं का."

"धरा," मी म्हणालो.

महिन्याभरानं पोचपावतीचं कार्ड परत आलं. त्यावर भाच्याची सही होती. बाकी काही नाही. त्यानंतर आजपर्यंत काही नाही. मुलगी सांगते, तो बरा आहे, त्याला एक मुलगी आहे. त्याहून जास्त ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

इथवर लिहून मी कागद महिनाभर उशाशी ठेवले होते. मागच्या आठवड्यात ते पिशवीत घालून एसटीनं वरकुट्याला गेलो. समाजमंदिरात सहा-सात माणसं जमली. मी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. वाचायला मला चांगलं येतं. या वेळी एकही ओळ गाळली नाही, मनातला तो एक क्षणसुद्धा.

वाचून झाल्यावर मी चष्मा काढला. मग एक माणूस म्हणाला, "तात्या, येवढ्या वर्सांनी कशाला उकरायचं?" दुसरा उठून तंबाखू थुंकायला बाहेर गेला तो परत आला नाही. त्या दोघांचंही मला वाईट वाटलं नाही.

कोपऱ्यात आक्काची शेजारीण बसली होती. आता तिला नीट दिसत नाही. तिनं विचारलं, "मधला खाकी तुकडा व्हता का अजून?"

"व्हता."

"त्यो म्या शिवला व्हता. तिचं डोळं दुखत व्हतं त्या दिशी." तिनं माझ्या आवाजाकडं तोंड वळवलं. "म्हंजी पोरानं ठिवून घेतली न्हव? परत न्हाय धाडली?"

"न्हाय. परत न्हाय आली."

"मग बास," ती म्हणाली, आणि उठवावं म्हणून तिनं हात पुढं केला. मी तिचा हात धरून तिला घरापर्यंत पोचवलं. शेजारीच आक्काचं दार होतं. त्याला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडं आहे ते तिलाही माहीत नव्हतं.